साखळीची कमान

बांधकामावरचे किस्से सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण वर्षभराने बघावं तर कोपऱ्यात ढीग लागलेला असतो. आमचं मीरा रोडचं ऑफिस बंद होऊन जमाना झाला. तरी जुन्यांपैकी कोणी रिक्षाच्या लाइनीत भेटलं की हवापाण्याच्या गप्पा दोन मिनिटं, आणि मग लगेच, "वैशाली, तू त्या झुल्यावर लटकलेली, आठवतं का?" आठवतं म्हणजे काय, तळहाताला अजून घाम येतो. आज ऐकणाऱ्याला हसू येतं. तेव्हा आमच्यापैकी एकालाही आलं नव्हतं.

हे सगळे किस्से एकाच कामाचे आहेत. भाईंदर पूर्वेला खारी गावाच्या कडेला एक बुद्धविहार बांधायचा होता. मराठवाड्यातून आणि कोकणातून आलेली नोकरदार कुटुंबं, कोणी रेल्वेत, कोणी पोस्टात, कोणी हॉस्पिटलात. त्यांनी कमिटी केली होती. अध्यक्ष गायकवाडकाका, रेल्वेत फिटर, लातूरकडचे. आर्किटेक्ट आमचे मोहिते सर, चिपळूणकडचे. मी सरांच्या ऑफिसात साइट सुपरवायझर. डिप्लोमा करून नुकतीच लागले होते.

*

त्र्याण्णवचा उन्हाळा. गायकवाडकाकांच्या चाळीत कमिटीची मीटिंग होती. सगळ्यांना वाटत होतं साधा स्लॅब पडेल, वर छोटा घुमट येईल, झालं. सरांनी ड्रॉइंग उघडलं तर हॉलचं अख्खं छत म्हणजे एक लांबलचक विटांची कमान. जमिनीपासून उठणारी, मध्ये उंच, एकही खांब नाही. बुद्धलेण्यांमध्ये चैत्यगृह असतं, तसं काहीतरी.

काकांनी ड्रॉइंग बघितलं, फिरवून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "साहेब, वीट डोक्यावर ठेवायलाव तुम्ही. खालून टेकू कशाचा?"

सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि काकूंच्या गळ्यातली सोन्याची चेन मागितली. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने छताकडे. शेवटी काकूंनी चेन काढून दिली. सरांनी तिची दोन टोकं दोन हातांत धरली. चेन मधून खाली झुकली. ते म्हणाले, ही जशी लोंबते ना, तिचा कुठलाही भाग वाकत नाही, फक्त ताणला जातो. हाच आकार उलटा करायचा. मग विटा एकमेकींवर फक्त दाबल्या जातात. वीट दाब कितीही सोसते, तिला वाकवलं तर मोडते. म्हणून वाकवायचंच नाही.

कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. पोस्टातले एक गृहस्थ म्हणाले, शेजारच्या वस्तीतले लोक आधीच बघताहेत आपण काय बांधतो ते. पडलं तर आपलं हसं होईल. ते बरोबरच होतं. या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी बांधायला काढलं होतं. सगळे काकांकडे बघत होते.

काका म्हणाले, "आधी बाईची चेन परत द्या. मग कमान बघू."

सरांनी चेन दिली. ती गळ्यात पडल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "मला आवडली." ठराव तिथेच पास झाला.

*

आकार कागदावर काढता येतो, पण सरांना खऱ्या मापाची साखळी टांगून बघायची होती. त्यासाठी दोन-तीन मजले उंच, खिडक्या नसलेली भिंत हवी. तशी एक मीरा रोडला सापडली, आमच्याच ऑफिसने केलेल्या एका सोसायटीची मागची बाजू. खाडीवरच्या एका होडीवाल्याकडून नांगराची लांब साखळी मागून आणली. दुसऱ्या मजल्यावर भिंतभर गेलेल्या छज्ज्याच्या पट्टीत दोन खुंट्या मारल्या आणि साखळी सोडली. खुंटीपासून खुंटीपर्यंत एक दोरी ताणली. आता फुटाफुटावर दोरीपासून साखळीपर्यंतचं अंतर मोजायचं होतं. ते आकडे पुढे जमिनीवर उलटे मांडले की कमान तयार.

मोजायला मी. रंगारी बसतात तसला फळीचा झुला गच्चीवरून कप्पीने सोडला होता. दोराचं खालचं टोक पार्किंगच्या खांबाला गुंडाळून रामसजीवनने धरलं होतं. रामसजीवन म्हणजे आमचा सेंटरिंगचा, छताखालच्या लाकडी आधाराचा मिस्त्री, गोरखपूरकडचा. सकाळची वेळ निवडली होती, कारण दुपारी खाडीवरचं वारं सुटलं की साखळी हलते.

अर्धं मोजून झालं आणि खाली आवाज चढले. सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई चारपाच जणांना घेऊन आले होते. त्यांच्या डोक्यात बसलं की बिल्डरने मागची जागा बळकावायला माणसं पाठवली आहेत. सर समजावत होते, पण भाईंदरच्या विहारासाठी मीरा रोडच्या भिंतीवर साखळी का टांगतात, हे समजावणं सोपं नव्हतं. एकजण रामसजीवनच्या अंगावर धावून गेला. रामसजीवन मागे सरला. शहाभाईंनी तेवढ्यात खांबावरचा दोर सोडवायला घेतला आणि ओरडले, "पहले लड़की को नीचे उतारो, फिर बात करेगा."

त्यांना वाटलं झुला वर गच्चीला बांधलेला आहे आणि हा दोर साखळीचा. पण त्याच्या टोकाला मी होते. झुला झपकन हातभर खाली आला. माझ्या हातातला टेप सुटून खाली पडला. खांबावर एक वेढा शिल्लक होता म्हणून बरं; बाकी सगळा भार शहाभाईंच्या हातात.  मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा शहाभाई दोर छातीशी धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा होता.

सर शांतपणे त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "शहाभाई, पकडा ही है, तो अब छोड़ना मत." मग वर बघून मला म्हणाले, "वैशाली, खाली येतेस की पुरं करतेस?"

खाली बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी म्हटलं पुरं करते. टेप वर पाठवला. रामसजीवनने दोराला हात लावायला घेतला तर शहाभाई त्याला लावू देईनात. उरलेलं सगळं माप होईपर्यंत तो दोर त्यांनीच धरला. मी खाली उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्या वडिलांचं नाव विचारलं आणि मग सरांना म्हणाले, असल्या कामाला मुलीला पुन्हा पाठवलंत तर पोलिसात जाईन.

*

मापं मांडायला सपाट मोकळी जागा हवी. ती खारी गावात भानूआईंनी दिली. भानूआई म्हणजे विहाराच्या प्लॉटला लागून ज्यांचं घर, त्या कोळीण. घरापुढे जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळवायचं सारवलेलं मोठं खळं होतं. अट एकच. "आयतवारी माजा जवला येल. तवर काय रेघा मारायच्या त्या मारा."

चुन्याने रेघ मारायला घेतली. खालची आडवी रेघ, तिच्यावर फुटाफुटाला उभी मापं, आणि शेवटी सगळी टोकं जोडून कमान. भानूआई उंबऱ्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "ह्या होडीवानी दिसतंय. उलटी ठेवल्याली." सर खूश झाले. पण मी बघत होते ती डावी बाजू. डावीकडची कमान उजवीपेक्षा फुगलेली होती. मापं पुन्हा तपासली, बरोबर. पुन्हा मांडली, तरी तेच. रामसजीवन प्लायवूडवर करवत ठेवून वाट बघत होता. रविवार जवळ येत होता.

कोणीतरी म्हणालं, दोन्हीची सरासरी काढा, कोणाला कळणार आहे. सरांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला. म्हणाले, छताला कळेल.

शेवटी पाण्याची नळी घेऊन आम्ही पुन्हा मीरा रोडला गेलो. नळीची दोन टोकं दोन्ही खुंट्यांशी धरली. पाणी एका बाजूला दोन बोटं खाली. खुंट्या छज्ज्याच्या पट्टीवर मारल्या होत्या आणि पट्टी सरळ आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती सरळ नव्हती. सगळा छज्जाच तिरका होता.

परत आल्यावर भानूआईंनी विचारलं, "मंग? कुनाची रं ती बिल्डिंग?"

सर चप्पल झटकायला लागले. मी खळ्याकडे बघितलं. शेवटी रामसजीवनच म्हणाला, "आई, बिल्डिंग साहब का. सेंटरिंग मेरा."

साखळी परत टांगली, या वेळी नळी लावून. शहाभाई चहा घेऊन खाली आले आणि न विचारता दोर धरून उभे राहिले. नव्याने खळ्यावर रेघ मारली, दोन्ही बाजू जुळल्या, आणि प्लायवूडवर आकार उतरवायला घेतला तोवर रविवार उजाडला. ओल्या जवळ्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका आल्या. अर्धी कमान उतरवायची राहिली होती. सर हात जोडायच्या बेतात होते. भानूआईंनी पाट्या रस्त्याच्या कडेला उतरवायला लावल्या आणि स्वतः त्यांच्याशेजारी फतकल मारून बसल्या. ऊन चढत होतं, माश्या घोंघावत होत्या. तासाभराने त्या सरांना म्हणाल्या, "बिगी करा, साह्यब. माज्या जवल्याला वास सुटंल. तुमच्या रेघंला न्हाय सुटनार."

रामसजीवनने त्या दिवशी जितक्या वेगाने पेन्सिल चालवली तितकी नंतर कधी चालवली नाही.

*

पाऊस ओसरत आला होता. हॉलचं सेंटरिंग उभं होतं, कमानीच्या आकारात कापलेल्या प्लायवूडच्या बरगड्या ओळीने लागल्या होत्या, दोन्ही बाजूंनी विटा कमरेएवढ्या आल्या होत्या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी साइटवर गेले तर काम बंद. गवंडी रस्त्यावर रेडिओभोवती उभे. लातूर, किल्लारी, उमरगा ही नावं ऐकू येत होती. भूकंप झाला होता.

गायकवाडकाकांच्या गावचा फोन लागत नव्हता. एसटीडी बूथवर त्यांच्या गावाकडच्या माणसांची रांग लागलेली. प्रत्येकजण नंबर फिरवायचा आणि नुसता टूं टूं ऐकून बाजूला व्हायचा. दुपारी काका तसेच निघाले, ड्युटीचे कपडे पण बदलले नाहीत.

ते परत आले ते त्यांच्या भाचीला घेऊन. सुमन, विशीतली मुलगी. तिची आई, म्हणजे काकांची थोरली बहीण, माळवदाखाली गेली होती. माळवद म्हणजे त्यांच्याकडचं मातीचं जाड छप्पर, दगडी भिंतींवर ठेवलेलं. सुमन तेवढी अंगणात झोपली होती म्हणून वाचली.

काका आमच्या ऑफिसात आले. सरांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. "विटा उतरवा साहेब," एवढंच म्हणाले. सर काही बोलायला गेले, तर काकांनी हात वर केला. "मी माझ्या हाताने दगड उचललेत. दगडाच्या खाली काय असतं ते तुम्हाला ठाव नाही. आमच्या माणसांच्या डोक्यावर वीट नको."

मला वाटलं सर आता चेन, दाब, ताण सगळं परत सांगणार.  त्यांनी फक्त विचारलं, काका परत गावी कधी जाणार. काका म्हणाले दिवसकार्याला. सर म्हणाले, मीही येतो.

सर गेले. परत आले तेव्हा अंगात ताप होता. दोन दिवस ऑफिसात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन टेबलावर नवा कागद लावला आणि मला समोर बसवलं. म्हणाले, तिथे दगडाला दगड बांधलेलाच नव्हता, नुसता मातीवर टेकवलेला. जमीन हलली तशी सगळी भिंत सुटी झाली. आकार तोच ठेवायचा होता, पण आता विटांच्या सांध्यांतून सळया जाणार होत्या आणि पायाशी, मध्यावर, माथ्यावर आरसीसीचे पट्टे सगळं छत एकत्र बांधणार होते. ओळखीच्या एका म्हाताऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सरांनी ते दोनदा तपासून आणलं. विटा उतरवल्या होत्याच, त्या सळया घालून पुन्हा चढवायच्या होत्या.

काकांनी नवं ड्रॉइंग उभ्यानेच ऐकून घेतलं. "तुम्ही येऊन बघितलंत, म्हणून थांबवत नाही," ते म्हणाले. "पण मी आत पाऊल ठेवणार नाही."

अध्यक्षच आत येणार नाही अशा विहाराचं काम आम्ही पुढे सुरू केलं.

*

कमान माथ्यापर्यंत मिळायला दोन-तीन रांगा राहिल्या होत्या. दुपारी सगळे गवंडी वर चढलेले. सुमन एव्हाना काकूंबरोबर डबे घेऊन साइटवर यायला लागली होती, कोणाशी फार बोलायची नाही. त्या दिवशी ती दारापाशी डबे उतरवत होती आणि आतून आवाज आला. कर्रर्र. मग थांबून पुन्हा, कर्रर्र.

गवंडी शिड्यांवरून नव्हे, मिळेल तिथून उतरले. एकाने थेट वाळूच्या ढिगावर उडी मारली. मी बाहेर पळाले तर सुमन माझ्याही पुढे, पार रस्त्याच्या पलीकडे, हातात अजून डबा. सगळे बाहेर, आणि आत रामसजीवन एकटा. तो एकेका टेकूला कान लावत फिरत होता. सर त्याला बाहेर ये म्हणून ओरडत होते. तो आला नाही. शेवटचा टेकू तपासून, एका पाचरीवर हातोडा मारून मगच आला.

म्हणाला, "ऊपर बोझ आया है, साहब. लकड़ी बोल रही है. बोलती है तब तक ठीक. चुप हो जाए तब भागना."

एवढं सांगून तो जेवायला बसला.  सुमन रस्त्यापलीकडून बघत होती. दुसऱ्या दिवसापासून ती डबे आणायची आणि दाराबाहेर उभी राहून रामसजीवनला विचारायची, "आज बोलली का?" तो आतून सांगायचा, "बोली, बेटा." मग ती डबे उतरवायची.

*

सेंटरिंग काढायचा दिवस. विटा, पट्टे, सगळं पक्कं व्हायला भरपूर वेळ दिला होता. थंडी संपत आली होती. आता खालचा लाकडाचा आधार काढायचा आणि कमान स्वतःच्या पायांवर उभी राहते की नाही ते बघायचं. कमिटीची सगळी कुटुंबं आली होती. सरांनी चारी बाजूंनी दोर बांधून सगळ्यांना लांब ठेवलं. गायकवाडकाका दोराच्याही मागे, एका झाडाखाली, विहाराकडे पाठ करून बसले होते. भानूआई त्यांच्या ओट्यावर. सुमन काकूंजवळ, दोराला धरून.

काकूंनी मला त्या दिवशी उभ्याउभ्या सांगितलं. सुमन आल्यापासून एक दिवस छपराखाली झोपली नव्हती. चाळीच्या अंगणात चटई टाकून पडायची, काकू तिच्या सोबतीला. डोळा लागला असं वाटायचं आणि ती उठून बसलेली असायची. थंडीत पण तेच. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या झाल्या. काही उपयोग नाही.

रामसजीवनची माणसं आत गेली. प्रत्येक टेकूखाली लाकडाच्या दोन पाचरी होत्या. आधी मधल्या ओळीच्या, मग दोन्ही बाजूंच्या, प्रत्येक पाचर थोडीथोडी सैल करायची, म्हणजे सगळा भार एकदम न येता हळूहळू कमानीवर जाईल. माथ्यातून सरांनी एक ओळंबा, दोरीला टांगलेलं वजन, सोडला होता. त्याच्या टोकाखाली पट्टी. छत किती खाली येतंय ते त्यावर कळणार होतं. पट्टीजवळ सर स्वतः बसले. मला बाहेर ठेवलं. मी भांडले, ऐकलं नाही.

टक, टक, हातोड्यांचे आवाज. मग थांबायचं. मग पुन्हा.  एका ठिकाणी विटांमधून बारीक भुकटी झडली आणि बायकांच्यात कोणीतरी हुंदका दिला. हातोडे थांबले. सरांनी पट्टीकडे बघितलं, वर बघितलं, आणि हात केला. पुन्हा टक, टक.

मग बरगड्या सुटल्या. वरच्या फळ्या आणि विटा यांच्यामध्ये उजेडाची एक फट दिसायला लागली आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेली. आता छताला खाली कशाचाच आधार नव्हता. लाकूड गप्प झालं होतं.

सरांनी पट्टी पुन्हा एकदा वाचली. बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. "एक सूत," ते म्हणाले. म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. "तेवढी बसली आणि थांबली." मग सगळ्यांना सांगितलं की टेकू बाहेर काढून घेऊ, पण संध्याकाळपर्यंत आत कोणी जाणार नाही.

दुपारपर्यंत फळ्या, बरगड्या, टेकू बाहेर आले. हॉल पहिल्यांदा रिकामा दिसला. लोक दोराशीच उभे राहून बघत होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्या साइटवर काम नीट झालं तर टाळ्या वाजवायची पद्धत होती, पण त्या दिवशी सुचलंच नाही कोणाला.

सुमनने काकूंच्या पिशवीतली जेवायला अंथरायची चादर काढली. दोर उचलला आणि खालून वाकून पलीकडे गेली. सर म्हणाले, "अगं, थांब." ती थांबली नाही. सर पुढे झाले, तर झाडाखालून आवाज आला, "साहेब, जाऊ द्या तिला." काका उठून उभे होते, तोंड विहाराकडे करून.

ती हॉलच्या मध्यापर्यंत गेली. बरोबर माथ्याखाली तिने चादर पसरली, वर बघितलं, आणि आडवी झाली. हात उशाला घेतला. आम्हाला वाटलं, उठेल आता. नाही उठली. थोड्या वेळाने काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. सुमनचं तोंड किंचित उघडं पडलं होतं. तिला झोप लागली होती.

रामसजीवनने आपल्या माणसांना खूण केली. ते परांचीचे लोखंडी पाइप ट्रकमध्ये टाकत होते, ते एकेक उचलून हाताने ठेवायला लागले.

काका दोरापाशी आले. चपला काढल्या, दोर ओलांडला आणि आत जाऊन तिच्या पायांशी मांडी घालून बसले.

ऊन उतरलं तरी दोघं तिथेच. चहा झाला होता. मी कप घेऊन दारात गेले आणि हाक मारणार, तेवढ्यात काकांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.